थट्टेची मुभा

लिकांडोच्या डाव्या पायाची दोन बोटं सिगारेटने खाल्ली होती. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, आता एक जरी ओढलीस तरी पाय वाचेल याची हमी नाही. तो राजधानी लुसाकाहून मोंगूला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर. पाय गेला तर क्लच काय कपाळाने दाबणार? म्हणून त्याने सोडली. आज एकतिसावा दिवस होता.

एकट्याच्याने थोडीच सुटणार होती. व्हॉट्सॲपवर सोडणाऱ्यांचा एक गट होता, देशभरातली चौदा माणसं, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. त्यात चोमा गावची मुटिन्टा. ती टोंगा, गाई पाळणाऱ्यांतली; हा लोझी, नदीकाठच्या मासे खाणाऱ्यांतला. या दोन जमातींत पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं. मयताच्या दारातही एकमेकांची टर उडवायची मुभा, आणि राग मानायचा नाही. तलफ आली की हा लिहायचा, "मुटिन्टा, मेलो गं. पुरायला ये, येताना दोन गाई आण." ती उलट लिहायची, "तुझ्यासाठी गाई? मासेखाऊ मेल्या, तुला नदीत ढकलायला एक काठी पुरे." हसण्यात दहा मिनिटं जायची आणि तलफ उतरायची. औषध म्हणाल तर एवढंच.

आता मामा वारला म्हणून तो गावी आला होता. बायका घरात, पुरुष अंगणात शेकोटीभोवती बसून. एक सिगारेट पेटायची आणि हातोहात फिरायची. मामेभाऊ इमासिकू दर वेळी ती लिकांडोपुढे धरायचा.

"डॉक्टरने बंद केलीय, दादा."

"बाबा शेवटपर्यंत ओढत होते. ऐंशी वर्षं जगले," इमासिकू म्हणाला. "शहरात गेलास, आता भावाचं उष्टं चालत नाही होय?"

म्हातारे त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. ते बोलण्यापेक्षा वाईट. दोन दिवस लिकांडोने खाली मान घालून काढले. तिसऱ्या दुपारी इमासिकूने एक अख्खी सिगारेट आणि काडेपेटी त्याच्या खिशात कोंबली. "चारचौघांत लाजत असशील तर एकटा ओढ. पण मामासाठी ओढ." माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

नेटवर्क मिळायचं ते फक्त गावाबाहेरच्या घराएवढ्या उंच वारुळावर. लिकांडो लंगडत वर चढला. सिगारेट हातात आलीच होती. कधी काढली, त्यालाही कळलं नाही. त्याने गटात लिहिलं, "मुटिन्टा, हातात आहे. मी ओढणार आता. काहीतरी कर."

"अरे वा, मयताला जाऊनही नाटक सुटत नाही? मासे संपले का तिकडचे?"

त्या निरोपाखाली गटातल्या बाकीच्यांचे हसरे चेहरे.

"थट्टा नाही गं. खरंच सांगतोय."

"खरंच? मागच्या आठवड्यातही खरंच मेला होतास. मी गाई विकत घ्यायला निघाले होते."

त्याने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तिचा "हॅलो" अर्धाच आला आणि तुटला. "देवाशपथ," त्याने लिहिलं. त्यावर कुणीतरी लिहिलं, लोझीची शपथ म्हणजे पाण्यावरची रेघ, आणि सगळे पुन्हा हसले. त्यांचं तरी काय चुकलं? याआधी तलफेत शपथा त्यानेही डझनभर घेतल्या होत्या. आता खरं सांगायला त्याच्याकडे वेगळे शब्दच उरले नव्हते. त्याला रडू आलं, आणि वारुळावर बसून रडणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याची त्याला स्वतःलाच चीड आली.

त्याने काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरीही विझली. तिसरी पेटली.

अर्धी झाली तेव्हा मुटिन्टाचा निरोप आला, त्याला एकट्याला, गटात नाही.

"हे बघ, असली थट्टा नको करूस रे. सकाळपासून माझीच हालत वाईट आहे. दुकानासमोरून तीनदा गेले आणि तीनदा परत आले, तो लंगडा न ओढता राहू शकतो तर मी का नाही म्हणून. थट्टाच होती ना?"

लिकांडोने ते दोनदा वाचलं. धूर अजून छातीत होता.

"थट्टाच गं," त्याने लिहिलं. "तुझ्यासारख्या दूधपितीला फसवायला वेळ लागतो का?"

तिने तेवीस हसरे चेहरे पाठवले.

त्याने उरलेली अर्धी संपवली, वारुळावरून उतरला आणि इमासिकूच्या शेजारी जाऊन बसला. इमासिकूने फिरती सिगारेट त्याच्यापुढे धरली, आणि लिकांडोने ती घेतली.