त्रिवेणीला कुणी बसवलं

माझी बायको त्रिवेणी गेली त्या दिवशी मी ताडकळसच्या बाजारात होतो. बाजाराच्या दिवशी मी तिथं कापडाचं दुकान मांडतो. उन्हानं गिऱ्हाईक आटलं, म्हणून दुपारीच गाठोडं बांधून परत आलो. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मांडी घातलेली, कपाळावर ताजं भस्म, डाव्या तळहातावर रोज गळ्यात असायचं ते इष्टलिंग. मला वाटलं पूजेला बसली. पण पूजा ती सकाळीच करायची. मग डोक्यामागचं रक्त दिसलं. हातात पाटल्या नव्हत्या. गॅसच्या ओट्याखाली वरवंटा पडला होता.

मी तिला मांडीवर आडवं घेतलं आणि ओरडलो. लोक धावत आले तेव्हा ती आडवीच होती आणि लिंग माझ्या मुठीत होतं. ती बसलेली सापडली, हे मी कुणाला बोललो नाही. त्या वेळी सुचलं नाही, नंतर कुणी विचारलं नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, डाव्या हातात त्याचं लिंग देतात आणि तसंच पुरतात. दुसऱ्या दिवशी त्रिवेणीला खड्ड्यात बसवताना मी थांबलो. हे सगळं तिला आधीच एकदा कुणीतरी केलं होतं. जो आमच्यातला नाही, त्याला एवढं ठाऊक नसतं.

पोलिसांनी धरलं होतं आश्रुबाला. तो मागच्या आठवड्यात आमच्या घरावर पत्रे टाकायला आला होता. आमच्यातला नव्हता. त्याची बायको दगडाबाई माझ्या दारात येऊन बसली.

"मालक, त्याला लय मारायलेत. तुमी एकडाव ठाण्यात येऊन सांगा, तुमचं ऐकतेत."

"काय सांगू?"

"वैनीच्या हातचा चहा पिऊन काम करायचा म्हनून सांगा. तेवढं तर खरं हाय."

"दुखवट्याच्या घरी कशाला गळा काढायलीस?" माझा थोरला भाऊ मन्मथअप्पा तिच्यावर खेकसला. ती उठली आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली.

तेवढ्यात मन्मथअप्पाचा मुलगा बसवेश्वर जेवण घेऊन आला. आम्ही त्याला बसू म्हणतो. आम्हाला मूल नाही. त्रिवेणीला रहस्यकथांचा नाद होता आणि परभणीहून जुनी पुस्तकं तिला बसूच आणून द्यायचा. दोघं भाकरी खाता खाता खुनी कोण त्यावर भांडायचे.

"जो सगळ्यात जास्त मदत करायलाय, तोच असतो बघ," ती म्हणायची.

"मग काकू, उद्यापासून तुझं दळण मी आणणार न्हाई!"

मला ते वेड वाटायचं. मी म्हणायचो, वाईट माणूस तोंडावरूनच कळतो.

बसूनं ताट माझ्यापुढं सरकवलं. "काका, दोन घास खा. काकूचं सोनं झालं. हातात लिंग घेऊन बसल्या जागी लिंगैक्य झाली. असं मरण कुणाला येतंय?"

मी घास खाली ठेवला.

"बसलेली तुला कुठं दिसली, बसू? तू आलास तेव्हा ती माझ्या मांडीवर आडवी होती."

तो माझ्यापुढं खाली बसला.

"जीप घ्यायची होती, पाथरीच्या रोडला चालवायला. नुसत्या पाटल्या मागितल्या. 'तुझ्या बापाला माग' म्हणली आणि पाठ फिरवली. मला कळलंच न्हाई काका, वरवंटा कवा उचलला."

"मग बसवलीस कशाला?"

"काकू होती माझी. तशीच पडू द्यायची का?"

तो हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. तिनंच त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. माझा हात त्याच्या पाठीकडं गेला.

"आन् आश्रुबा?" मी विचारलं.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तो काय आपला हाय का?"

मी हात मागं घेतला.

दारात मन्मथअप्पा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "महांतेश, बाई तर गेली. आता पोरगं घालवू नको. आश्रुबाच्या घरी आपुन धान्य टाकू, वकील बघू."

"मी न्हाईच म्हणनार," बसू बापाच्या आडून बोलला. "कुणी बघितलंय?"

मी चपला घातल्या. मन्मथअप्पानं माझे पाय धरले, थोरला असून. मी पाय सोडवून घेतले आणि लिंबाखाली गेलो. "चल बाई," मी दगडाबाईला म्हणालो आणि मोटारसायकल काढली.

बसू पोलिसांपुढं आधी नाहीच म्हणत होता. पाटल्या त्याच्या गादीत निघाल्या, मग गप्प झाला. आश्रुबा सुटला तेव्हा त्याचा उजवा हात वर होत नव्हता. "वैनीच्या मातीला येता आलं न्हाई," एवढंच तो मला म्हणाला. तो हात अजून नीट झाला नाही. पत्रे टाकायचं काम सुटलं.

त्या दिवशी ठाण्यातून घरी आलो तर बसूची आई चन्नबसम्मा अंगणात उभी होती.

"तुमचं तर गेलंच होतं. माझं कशाला नेलंत?"

तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. त्रिवेणीसाठी रडायला गाव माझ्याजवळ बसलं होतं. बसूसाठीही मला रडू येतं. ते मी दाराला कडी लावून रडतो.