दोन माज सोडून

गाईच्या शेपटीखाली लोंबणारा चिकट स्रावाचा सोट वीतभर लांब होता. माजावर आलेल्या गाईचा सोट काचेसारखा स्वच्छ हवा. यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके होते. रागिणीने ते मोजले. सात.

"पू आहे," डॉक्टर गजेंद्र म्हणाले आणि त्यांनी रेतनाची नळी पेटीत परत ठेवली. "तीनदा भरवली, तीनदा उलटली, गाभ काही राहिला नाही. व्याली तेव्हा जार पडली होती का?"

"पडली ना," सासरे पंजाबराव म्हणाले.

"पडली का पाडली?"

पाच महिन्यांपूर्वी वासरू झालं आणि जार, म्हणजे गाईची वार, आत अडकली, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत थांबू, असं रागिणी म्हणाली होती. सासूने, माणिकबाईने, लोंबत्या जारेला विटेचा तुकडा बांधला आणि संध्याकाळी ती हाताने ओढून काढली.

"गोठा हिच्याकडे असते, डॉक्टर," रागिणीचा नवरा चंदन म्हणाला. "बीएस्सी आहे. म्हणून तं गाईची ही गत."

पंजाबराव हसले.

"आता भरवायची नाही," गजेंद्र म्हणाले. "गर्भपिशवीत औषध सोडतो. दोन माज सोडून द्या. आतून भरून यायला वेळ लागतो."

"तुमी म्हणसान तसं," माणिकबाई म्हणाली. तिने गाईच्या पाठीवर हात फिरवला. "मुका जीव. हिले सरकीची ढेप वाढवतो."

डॉक्टर गेल्यावर रागिणीने शेणाचं टोपलं उचललं आणि अर्ध्या वाटेत खाली बसली. अडीच महिन्यांपूर्वी तिचं पाचव्या महिन्यातलं बाळ गेलं होतं. वार आत राहिली. माणिकबाईने चार तास तिचं पोट दाबलं. अंथरूण भिजलं तेव्हा कुठे गाडी बोलावली. अकोटच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली होती: वर्षभर दिवस राहू देऊ नका, तांबी बसवून घ्या. ती चिठ्ठी रागिणीच्या पाकिटात होती. घरात तिने कोणालाच दाखवली नव्हती.

"बसली काहून?" माणिकबाईने विचारलं.

"कमरेत कळ आली, आई."

"कळ गाईलेही येते. ते सांगते का?" माणिकबाईने टोपलं पायाने तिच्याकडे सरकवलं. "शेजारच्या पंचफुलाच्या सुनेचं पोट पडलं, अन् दुसऱ्याच महिन्यात तिले दिवस राहिले. तुह्यं काय चालू आहे?"

"हिलेही ढेप चारा," चंदन म्हणाला. पंजाबराव पुन्हा हसले.

"या महिन्यात राहिलं पाहिजे," माणिकबाई म्हणाली. "नाही तं तुह्या बापाले फोन लावतो. घेऊन जा म्हणतो तुह्यी भाकड."

रागिणी उठली. नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले.

"उद्या अकोटले चालली मी," ती म्हणाली. "तांबी बसवाले. दहा वर्षांची."