गुणाचा हात

"चार लोकांदेखत आईचा हात धरायचा, ही कुठली रीत?" गोजराने गरम तेलाची वाटी फरशीवर आदळली. तेल लुगड्यावर उडालं, तरी तिने तिकडे पाहिलं नाही. "इंडियासाठी धावलीस म्हनून आता मला शिकवशील?"

उन्नतीने आईचं मनगट सोडलं, पण मधून हलली नाही. तिच्या मागे शेजारची स्नेहल भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. सकाळी मैदानावर धावताना मांडीत कळ आली, तशी तिची आई सुचिता तिला रिक्षात घालून थेट इथेच घेऊन आली होती. दिवाळे गावात कुणाचा पाय मुरगळला, कुणाची पाठ धरली, की त्याला गोजराच्या दारात आणायचं, हे ठरलेलं होतं. बाजारात मासळीचे वाटे लावणारे ते हात तेलात बुडाले की दुखणं पळतं, असं गाव म्हणे. आणि गोजराला ते ऐकायला आवडे.

"मावशी, दहा दिवसांवर स्टेटची शर्यत हाय हिची," सुचिता म्हणाली. "एकदा चोळून द्या. तुमच्या हाताला गुन हाय."

"आठवडाभर कुणी हात लावायचा नाही," उन्नती म्हणाली. "शेकायचंही नाही. डॉक्टरला दाखवायचं, तोवर बर्फ. आणि स्टेट विसरायची."

"बर्फ मासळीला लावतात. मानसाला नाय."

उन्नती मोरीकडे वळली. तिथे आईचा मासळीचा थर्माकोलचा खोका होता. त्यातला बर्फ तिने फडक्यात बांधला आणि स्नेहलच्या मांडीवर ठेवला.

"ताई, बोंबलाचा वास येतोय."

"येऊ दे. धर."

गोजरा सुचिताकडे वळली. "हिचं नको ऐकूस. आशियातलं मेडल भिंतीला टांगलं, नोकरी लागली, आनि सत्ताविसाव्या वर्षी बूट काढून ठेवले. जिना चढताना कठडा धरते. मी साठीत डोक्यावर पाटी घेऊन फिरते! अशीच मांडी धरून आली होती घरी, तीन वर्षांमागं, पाडव्याच्या आधी. परदेशी धावायला जायचं होतं. कोनी बरी केली? मी. तीन दिवस गरम विटेनं शेकली, कोपरानं चोळली. किंचाळली, पन उठून चालायला लागली. मग आळस शिरला, त्याला माझ्याकडं तेल नाय."

स्नेहलने उन्नतीकडे पाहिलं. "म्हणजे ताई, तुमच्या मांडीत हाड झालं म्हणून सांगितलं होतंत, ते—"

"बर्फ सरकवू नकोस," उन्नती म्हणाली.

सुचिताने काय ओळखलं कोण जाणे. तिने दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली, पोरीला खांद्याचा आधार दिला आणि जाताना तेलाच्या वाटीकडे पाहायचं टाळलं.

घरात दोघीच उरल्या. बाहेर ओटीवर जवळा वाळत होता आणि कावळे त्याच्यावर उतरत होते. एरवी गोजराने चार शिव्या हाणून त्यांना हाकललं असतं.

"कसलं हाड?"

उन्नती भिंतीला टेकून बसली. गोजरा सरकत तिच्यापाशी आली आणि कोरडा हात पुढे केला. तीन वर्षांत पोरीने पायाला हात लावू दिला नव्हता. आज तिने मनगट धरलं नाही.

गोजराच्या बोटांना सूज कळे, आखडलेली नस कळे, मुरलेली गाठ कळे. हे त्यातलं काही नव्हतं. मांसाच्या आत सुरमईच्या मधल्या काट्यासारखं काहीतरी टणक होतं आणि ते हलत नव्हतं. तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं. उन्नतीने श्वास रोखला.

"हे कवाचं?"

"पाडव्यानंतरचं."

"डाक्टर काय बोलला?"

"स्नायू ताजा फाटलेला असताना चोळलं, शेकलं, तर आत रक्त साचतं. कधीकधी त्याचं हाड होतं." उन्नतीचं लक्ष भिंतीवरच्या मेडलकडे होतं. "सगळ्यांचं नाही होत, आये. कधीकधी."

गोजराचा हात मांडीवर तसाच राहिला. त्या पाडव्यानंतर या फरशीवर आलेले पाय तिला एकेक आठवू लागले. मानसिंगचा गुडघा. अरुणाच्या सुनेची पोटरी. केतनचा घोटा, तो तर अजून लंगडत होता. आणि दरवेळी तेल तापायला लागलं की उन्नती चपला घालून बाहेर निघून जायची. लेकीला घरातल्या कामाचा कंटाळा, असं गोजरा लोकांना सांगायची. आज ती पहिल्यांदाच थांबली होती.

गोजरा गुडघ्यांवर जोर देऊन उठली. निवलेलं तेल तिने मोरीत ओतलं आणि वाटी उपडी घातली. बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली.

"मला जपायला तीन वर्षं तोंड मिटून बसलीस," ती पाठमोरीच म्हणाली, "आनि गावाचे पाय माझ्या हातात जाऊ दिलेस. चुकलीस तू, उन्नती."