घरातला पाचवा नमुना

"घरात कोण कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

भिंगकाकांची सून एकेक बोट दुमडत सांगू लागली. ती, तिचा नवरा, सासरे आणि ही मुलगी. सात वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर निपचित पडली होती. आदल्या दिवशी वर्गात बाकावरून खाली कोसळली, हातपाय झटकले, डोळे पांढरे केले. वर्गाच्या बाईंनी घाबरून थेट इथे आणलं होतं.

"आणि स्वयंपाकाच्या मावशी. त्या दोन्ही वेळा येतात," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर लावला. त्यात एक बारीक गोल डाग होता आणि डागात एक टिंब. "ही पट्टकृमीची, डुकराच्या मांसातून येणाऱ्या चपट्या जंताची अळी आहे. मेंदूत जाऊन बसली आहे. त्यामुळे फिट आली."

"पण आमच्या घरी डुकराचं मांस कुणी खात नाही हो," काकांचा मुलगा म्हणाला.

"हिनं खायची गरजच नाही. कच्चं राहिलेलं मांस कुणीतरी खातं, त्याच्या आतड्यात जंत वाढतो. तो अंडी टाकतो, ती शौचातून बाहेर पडतात. त्या माणसानं हात नीट धुतले नाहीत की नखांतून, बोटांतून ती दुसऱ्याच्या खाण्यात जातात. हिच्या पोटात ती अशीच कुणाच्या तरी हातून गेली. त्या माणसाला बहुतेक काही त्रासही होत नसेल. पण त्याला शोधायला हवं. गोळ्यांनी ही बरी होईल आणि त्याच हातचं पुन्हा खाईल, असं नको."

शेजारी उभे असलेले सासरे, म्हणजे भिंगकाका, मान डोलवत होते. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, मागच्या दाराजवळच्या खोलीत तेहतीस वर्षं ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आले होते. लोकांची शौचं तपासायची, अंडी ओळखायची, वहीत लिहायचं. कुणाच्या पोटात काय आहे ते त्याच्या बायकोआधी भिंगकाकांना कळतं, असं रुग्णालयात म्हणायचे. म्हणायचे आणि त्यांच्याशी हात मिळवायचं टाळायचे. काकांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्यांच्या हाताची वाट बघणारं एक माणूस घरी होतं.

बायको गेल्यापासून त्यांचा दिवस खरा सुरू व्हायचा तो दुपारी अडीचला. काकांची सकाळची पाळी तोवर संपलेली असायची, नात तेव्हा शाळेतून यायची आणि मुलगा-सून यायचे सहाला. मधले साडेतीन तास दोघांचेच. काका सफरचंद सोलायचे, एकेक फोड तिच्या तोंडात घालायचे. ती दोन्ही गाल फुगवून चावायची, म्हणून तिचं नाव खारूताई. फोड तोंडात असतानाच ती विचारायची, "आज कोण भेटलं?" मग काका त्या दिवशी काचेवर दिसलेल्या जंतांच्या गोष्टी सांगायचे. दुसऱ्या घरातल्या पोरी राजकन्यांच्या गोष्टी ऐकून मोठ्या होतात, ही गोलकृमी आणि आकडेकृमी ऐकून होत होती. सुनेनं दोन-चारदा नाक मुरडलं आणि सोडून दिलं. ते साडेतीन तास नसते तर कामावरून सुटल्यावर आपण करणार तरी काय होतो, हे काकांना ठाऊक नव्हतं.

शोध घ्यायचं काम अर्थातच त्यांनी अंगावर घेतलं. प्लास्टिकच्या डब्यांवर नावं चिकटवली. मुलगा, सून, नात, मावशी. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून प्रत्येकाचे तीन दिवस. संशय सगळ्यांचाच मावशींवर होता. तो कुणी बोलून दाखवला नाही, पण संध्याकाळी सून त्यांना म्हणाली, "मावशी, रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही नका येऊ."

मावशी कणीक मळत होत्या. त्यांनी हात तसेच परातीत ठेवले. "मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," काका डबा पुढे करत म्हणाले. "नियम आहे. तपासावं लागतं."

"सगळ्यांना लागतं का मलाच, दादा?"

"सगळ्यांना."

मावशींनी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, बराच वेळ. मग डबा पिशवीत घालून निघून गेल्या. अर्धी मळलेली कणीक सुनेनं फेकून दिली.

तीन दिवस मावशी रुग्णालयाच्या मागच्या दारानं आल्या, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. डबा कागदात गुंडाळलेला, वर स्वच्छ फडकं. काकांनी त्यांच्या काचा इतरांपेक्षा जास्त वेळ बघितल्या. कोपरा न् कोपरा पालथा घातला. काहीतरी सापडावं अशी आपली इच्छा होती, हे त्यांनी फार नंतर स्वतःशी कबूल केलं आणि तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

मावशी निर्दोष. मुलगा, सून, नात, सगळे निर्दोष. काका कागद घेऊन वर गेले.

डॉक्टरीणबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "आणि तुमचा, काका?"

"माझा दरवर्षी होतो की. फायलीला आहे."

"कोण बघतं?"

"कोण म्हणजे? मीच."

"नमुना देता?"

स्वयंपाकघरातली, सफाईची आणि प्रयोगशाळेतली माणसं दरवर्षी तपासायची, असा रुग्णालयाचा नियम होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे साहेब निवृत्त झाले आणि तपासणीचे सगळे अर्ज काकांकडे आले. साठ-सत्तर माणसांच्या काचा डोळे फुटेपर्यंत बघायच्या आणि शेवटी उरायचा तो स्वतःचा अर्ज. 'दोष नाही' लिहायचं, खाली सही. डबा नाही, काच नाही. आपल्या पोटात काय असणार? दिवसभर दुसऱ्यांचं बघून भागलेला माणूस स्वतःचं कशाला बघतोय.

"उद्या आणतो," ते म्हणाले.

तीन दिवस लागलेच नाहीत. पहिल्याच काचेवर, डाव्या बाजूला, तपकिरी गोल अंडं. जाड भिंत, भिंतीवर आडव्या रेघा, आत सहा बारीक आकडे. शेजारी आणखी एक. मग आणखी. एरवी असं काही दिसलं की ते शिकाऊ मुलींना हाका मारायचे, या गं, बघा, किती सुरेख आलंय. आज त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिले. दिवसातून वीस वेळा धुऊन भेगाळलेले हात. इथे वीस वेळा धुतो म्हणून घरी संडासातून आलं की नुसते नळाखाली धरायचे आणि मग सफरचंद घ्यायचे.

त्यांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी भांडारपालाच्या निरोपाचं जेवण होतं, गावाबाहेर, दुपारी. सळईवर भाजलेलं डुकराचं मांस आलं. आत गुलाबी होतं. काकांनी ते बघितलंही होतं. ज्यानं जन्मभर लोकांना नीट शिजवून खा म्हणून बजावलं, त्यानं चारचौघांत आढेवेढे नकोत म्हणून दोन सळया संपवल्या.

मावशींची काच पुन्हा बघितली म्हणून त्यांचं नाव लिहून टाकता आलं असतं. ही गोष्ट मनात आली नाही असं नाही. कुणाला कळलं नसतं, आणि अडीचची वेळ तशीच राहिली असती. काकांनी वही उघडली, पाचव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे जे दिसलं ते लिहिलं.

संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. खारूताई आतल्या खोलीत झोपली होती.

"बाबा, तुमचं तर कामच हे आहे," मुलगा म्हणाला. "तुमचं कामच आहे हे."

सून म्हणाली, "मावशींना मी येऊ नका म्हटलं." मग उठली आणि टेबलावरची फळांची टोपली उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी काका मावशींच्या घरी गेले. दारातच उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली, परत या म्हणाले. मावशींनी ऐकून घेतलं.

"सांगायला आलात, बरं केलंत. नाहीतर मी जन्मभर स्वतःच्याच हातांकडे बघत बसले असते. पण परत नाही यायची, दादा. मी हात धुताना मागं कुणीतरी उभं राहून बघतंय, असं वाटत राहील. ते मला नाही जमायचं."

गोळ्या काकांनी रुग्णालयातच घेतल्या. नंतर शौच चाळायचं काम शिकाऊ मुलींवर टाकलं नाही. हातमोजे घालून, चाळणीवर पाणी सोडत ते स्वतःच जंताचं डोकं शोधत बसले. पांढरी, चपटी, सुरकुतलेली पट्टी पुरुषभर उंचीहून लांब निघाली. पण पट्टीला किंमत नसते. टाचणीच्या माथ्याएवढं डोकं आतड्याला आकड्यांनी धरून राहिलं, तर दोन-तीन महिन्यांत पट्टी पुन्हा वाढते. दीड तासानं ते सापडलं. भिंगाखाली आकड्यांचं कडं आणि चार चूषकं, चिकटून राहायच्या वाट्या, स्पष्ट दिसली. दोन वर्षं हा आपल्याबरोबर जेवत होता, आणि आपण पोरीला भरवत होतो. काकांना भडभडून आलं. खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी रडून घेतलं.

मग घर. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात. ही अंडी ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात, वासाच्या फिनेलला तर भीकही घालत नाहीत. त्यांना लागतं उकळतं पाणी आणि कडक ऊन. संडासाची कडी, नळाची चावी, दिव्याची बटणं, फ्रिजचं हँडल, जिथे जिथे हात लागतो ते सगळं काकांनी साबणाच्या गरम पाण्यानं घासलं. नखं जिव्हाळीपर्यंत कापली. खारूताई दारात उभी राहून बघत होती.

"आजोबा, माझ्या डोक्यातला तुम्हाला कधी भेटणार?"

"तो नाही भेटत, बाळा. तो तिथेच वाळून जातो."

"मग तो मेला की मी बरी?"

"हो," काका म्हणाले. तो वाळला तरी मागे व्रण राहतो आणि त्यानं पुन्हा फिट येऊ शकते, हे त्यांनी तिला सांगितलं नाही; फरशी पुसत राहिले.

शाळा सुटल्यावर ती आता शेजारच्या काकूंकडे जाऊ लागली. तसं कुणी ठरवून सांगितलं नाही. एक दिवस अडीच वाजले, पावणेतीन झाले, आणि काकांना भिंतीपलीकडून तिचं हसू ऐकू आलं.

तीन महिन्यांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली. दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या माणसाच्या भिंगाखाली, तीनही दिवस. दोष नाही. तो कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला. सुनेनं वाचला, "बरं झालं, बाबा," म्हणाली आणि फायलीत लावला. काकांनी पुढचे दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशीही खारूताई शेजारीच गेली.

मग एका रविवारी, भर सकाळी, मुलगी चित्र काढता काढता कलंडली. काका सर्वांत जवळ होते. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला, मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. मुलगा फोन लावत होता. सून गुडघ्यांवर बसून मुलीच्या नावानं हाका मारत होती. झटके थांबले. दोन मिनिटं आणि चाळीस सेकंद. काकांनी तिच्या तोंडावरची लाळ पुसली.

मुलीनं डोळे उघडले. कुठे आहोत ते तिला कळेना. पूर्ण शुद्धीवर येऊन उठून बसायला तिला बराच वेळ लागला.

"पाणी," ती म्हणाली. काकांकडे बघून म्हणाली.

काका बेसिनपाशी गेले. साबण लावला, नखं घासली, पुन्हा साबण लावला. मग ग्लास भरून आणला आणि तिच्यापुढे वाकले.

सुनेनं तो त्यांच्या हातातून अलगद घेतला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी ओतून दिलं, ग्लास घासला, पुन्हा भरला आणि आणून मुलीच्या ओठांना लावला. ती रागावलेली नव्हती. तिनं काकांकडे बघितलंही नाही. तिच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, हे काकांना कळत होतं. ओले हात तसेच समोर धरून ते उभे राहिले, मुलीचं पाणी पिऊन होईपर्यंत.