दोघांनी घडवलेला लेथ

मित्रांनो, मनगटावरचे घड्याळ बंद पडले की तुम्ही ते दुकानात देता आणि चालू झाले की हसत घरी नेता. मधल्या काळात त्याचे काय काय होते, ते आमच्यासारख्यांना ठाऊक. मी घड्याळजीचा लेथ, म्हाताराच म्हणा ना, आणि तोही घरी बनवलेला. तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडासाच लांब. माझ्या चिमट्यात पोलादाची बारीक तार धरायची, मोटर सुरू करायची आणि गरगर फिरणाऱ्या तारेला धारदार कोरणी लावायची. हात स्थिर असेल तर त्या तारेतून घड्याळाच्या चाकाचा आस उतरतो. त्याची टोके केसाइतकी नाजूक असतात.

मला दोन भावांनी बनवले. थोरला घड्याळजी. रस्त्याकडच्या खोलीत त्याचे दुकान आणि मागे घर. धाकटा एका कारखान्यात फिटर. तो इतका किडकिडीत, की सगळे त्याला 'सुतळी'च म्हणत. जुन्या घड्याळांचे आस बाजारात मिळेनासे झाले होते. गिऱ्हाईक बंद घड्याळ तसेच परत घेऊन गेले, की थोरल्याचा चेहरा उतरे. विकतचा लेथ आवाक्याबाहेरचा. एकदा जेवताना सुतळी म्हणाला, "दादा, विकत कशाला? आपणच करू की."

"खुळा का तू? लेथ म्हणजे काय स्टूल आहे, चार फळ्या ठोकायला?"

"नाही जमलं तर नाही. करून तर बघू."

मग सुट्टीच्या दिवशी दोघे स्वयंपाकघरात ठाण मांडून बसू लागले. सुतळी नकाशा काढी, थोरला मापे तपासून नाके मुरडी. माझा मुख्य दांडा त्यांनी गॅसच्या ज्योतीवर लालबुंद केला आणि कडक व्हावा म्हणून तेलात बुडवला. तेल अर्थातच फोडणीचे. "भाजीला तेल नाही, आणि तुमच्या दांड्याला अंघोळ!" थोरल्याची बायको करवादली, पण बाटली तिनेच आणून दिली होती.

पहिल्या दिवशी मी फिरलो, तापलो आणि गच्च अडकलो. थोरल्याने वैतागून मला खणात टाकले. सुतळी मात्र कित्येक दिवस त्याच विचारात होता. एका सकाळी त्याने खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवरच मोठे चित्र काढले.

"दादा, आपलं इथं चुकलं. दांड्याच्या तोंडाशी एक उतार नको, दोन हवेत. निमुळता उतार दांड्याला मधोमध धरेल. पसरट उतार त्याला आत रुतू देणार नाही. आणि मागं ही चाकी. झीज झाली की थोडी आवळायची."

थोरला बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "सुतळ्या, डोकं आहे रे तुला!" वहिनी दिवसभर भिंतीला चिकटून चालली, चित्रावर पाय पडू नये म्हणून.

नवा दांडा बसवला आणि मी लोण्यासारखा फिरू लागलो. माझ्यावरचा पहिला आस एका निवृत्त मास्तरांच्या घड्याळात बसला. मास्तरांनी घड्याळ कानाला लावले आणि दोघा भावांच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे घरगुती यंत्रांचे एक प्रदर्शन भरले. माझ्याभोवती ही गर्दी! एका वार्ताहराने विचारले, "कुणी बनवलं हे?"

"मी," थोरला म्हणाला.

"आणि ही दोन उतारांची कल्पना?"

"माझीच."

सुतळी मागे उभा राहून मोटरची वायर गुंडाळत होता. त्याचे हात क्षणभर थांबले. मग त्याने उरलेली वायर नीट गुंडाळली.

पेपरात थोरल्याचा एकट्याचा फोटो आला. वहिनीने विचारले, "भावजींचं नाव कुठंय?"

"बोलेन मी त्याच्याशी. घरातलाच आहे, कुठं पळून जातोय?"

भांडण झाले नाही. सुतळीने दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली मागून घेतली, एवढेच. आधी तो सुट्टीला यायचा. पुढे तेही कमी झाले.

मी वर्षानुवर्षे राबलो. दुकानाचे नाव झाले. झीज झाली की थोरला मागची चाकी आवळी. अखेर आवळायलाही काही उरले नाही. मी थरथरू लागलो, आस वाकडे होऊ लागले. तेव्हा थोरल्याने मला टॉवेलात गुंडाळले आणि बसने धाकट्याचे घर गाठले.

सुतळीचे केस पिकले होते. "वहिनी बऱ्या आहेत ना?" एवढेच विचारून त्याने मला हातात घेतले. दांडा काढला, दोन्ही उतार घासून चकचकीत केले, दांडा ज्यात फिरतो ती नळी, म्हणजे बुश, नवी बसवली. थोरला शेजारी बसून सारखा घसा खाकरत होता. शेवटी म्हणाला, "सुतळ्या, त्या प्रदर्शनात मी..."

तेवढ्यात सुतळीने मोटर सुरू केली. "काय म्हणालास?"

"काही नाही. छान फिरतोय म्हटलं."

"फिरणारच," सुतळी म्हणाला.

मग चहा झाला. सुतळी त्याला स्टँडवर सोडायला आला. बस येईपर्यंत दोघे पावसापाण्याचे बोलले. पुढच्या उन्हाळ्याआधीच निरोप आला, की सुतळी झोपेतच गेला.

त्यानंतर दुकानात कुणीही आले, की थोरला माझ्याकडे बोट दाखवून सांगू लागला, "हा माझ्या भावानं केलाय. सगळी अक्कल त्याची." गिऱ्हाइके मान डोलावत आणि विचारत, "घड्याळ कधी मिळेल?"

आता थोरल्याला डोळ्यांनी दिसत नाही. दुकान बंद आहे. मी फळीवर धूळ खात पडलो आहे आणि माझ्या पाठीवर गंज चढतो आहे. मित्रांनो, घरात एखादे जुने अवजार असेल तर ते पुसा, त्याला तेलाचा थेंब द्या. आणि ते कुणी घडवले ते विचारा. तो माणूस समोर असेल, तर चारचौघांत त्याचे नाव घ्या. माझा गंज उद्या कुणीही घासून काढील. थोरला मात्र रोज सकाळी बंद दुकानात येऊन बसतो, माझ्यावर हात ठेवतो आणि ओठांतल्या ओठांत ते अर्धे राहिलेले वाक्य पुरे करतो. ते ऐकायला मी सोडून कुणीच नसते.