येल्मरबद्दल अभिनंदन

दोन वर्षं झाली, ते पत्र प्रयोगशाळेत फेन्नाच्या टेबलावरच होतं. दान केलेले मेंदू जपणाऱ्या मेंदूपेढीमार्फत आलेलं, फ्रीसलंड प्रांतातल्या कुणा वीत्स्काबाईंचं. ‘माझा येल्मर मज्जातंतूंच्या आजारानं गेला, तेव्हा त्याचा मेंदू संशोधनाला दिला. तो तुमच्याकडे आला असं कळलं. काही उपयोग झाला का? झाला नसेल तरी कळवा.’

काय कळवणार? मज्जातंतूभोवती मायलिनचे थर असतात आणि एक प्रथिन त्यांना चिकटवून ठेवतं. ते प्रथिन गेलं की तंतूही मरतो, असं फेन्नाचं म्हणणं होतं. येल्मरच्या मेंदूत प्रथिन नव्हतं, थर सुटले होते, तंतू मात्र जिवंत होते. तिचं म्हणणं तिथेच कोसळलं. तिला तेव्हा चक्क त्याचा राग आला होता. हे त्याच्या आईला कुठल्या तोंडानं लिहायचं?

पुढे त्या जिवंत तंतूंचाच माग काढत ती जिथे पोचली, त्या कामाला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळाला.

आनंद ज्याचा, केक त्याचा. फेन्नानेच आणला. चहाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गोठ्यातलं काम उरकून आलेले तिचे वडील अवघडून बसले होते. तिथल्या रीतीप्रमाणे अभिनंदन घरच्यांचंही करायचं; जो येई तो आधी त्यांचाच हात हातात घेई.

“अभिनंदन, काका, लेकीबद्दल!”

“मी काय केलं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“लेक तुमची ना? मग घ्या मुकाट्यानं,” तिचा सहकारी सांडर म्हणाला. “केकही मागून घ्या. ही कागदासारखे काप करते. मेंदू कापायची सवय!”

सगळे हसले. फेन्नाच्या हातातली सुरी थांबली. वडिलांशेजारची रिकामी खुर्ची पाहून तिला वीत्स्काबाई आठवल्या.

“सांडर, तू काप,” म्हणून ती आपल्या टेबलाशी गेली.

‘वीत्स्काबाई, फार उशीर केला, क्षमा करा. या आजारावर औषध अजून नाही. पण मी चुकत होते, ते येल्मरमुळे कळलं. त्याच्या मेंदूतले तंतू तग धरून होते. आता आम्ही तिथूनच पुढे शोधतो आहोत. त्या कामाला आज बक्षीस मिळालं. येल्मरबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन.’

वडिलांना गाडीपर्यंत सोडताना ती कोपऱ्यावरच्या केशरी टपालपेटीशी थांबली. पाकिटावर मेंदूपेढीचा पत्ता होता; पत्र तिथूनच पुढे जाणार होतं.

“कुणाला गं?”

“एका आईला, बाबा.”

त्यांनी पेटीचं झाकण वर उचलून धरलं. तिने पाकीट आत सोडलं.