ब्रेल छापखान्यातली वेगळी चूल

“भंगारात काढा हो हे,” बॅगेची चेन ओढत कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. “कॉम्प्युटरवर पंधरा वर्षांपूर्वीचं लिनक्स. याला आता कुणी हात लावणार नाही.”

“मी लावते,” मावशी म्हणाल्या.

अंधशाळेच्या ब्रेल छापखान्यात त्या एकोणीस वर्षं होत्या. आल्या होत्या यंत्रात कागद लावायला. कॉम्प्युटर शिकल्या तो बिघडत गेला तसतसा. उद्या चाळीस मुलींची परीक्षा, आणि यंत्र कालपासून गप्प.

दुखणं त्यांना कळलं होतं. प्रश्नपत्रिकेची फाइल उघडायला काल नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा बांधून आलेला गठ्ठा, टाकलं. त्याने एका लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या फाइलची, नवी आवृत्ती आणली आणि जुनी काढून टाकली. ब्रेलच्या प्रोग्रॅमला जुनीच हवी. जुनी घालावी तर नवं पॅकेज जायला निघे. शिवाय ती मिळायची कुठून? ती जिथून उतरवायची तो इंटरनेटवरचा सर्व्हर केव्हाच बंद झाला होता.

“जमेल का?” मुद्रितशोधक काकांनी विचारलं. ते जन्मांध, प्रत्येक पान बोटांनी वाचून मगच बाहेर सोडत. “नाहीतर मुलींना प्रश्न कुणीतरी वाचून दाखवेल.”

“डोळस मुलांना दाखवतात का वाचून?”

काकांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा यंत्राजवळ सरकवला.

पूर्वी उतरवलेली पॅकेजं मशीनने साठवून ठेवली होती. मावशींनी ती एकेक चाळली. जुनी लायब्ररी सापडली, पण एका म्यानात दोन तलवारी राहीनात. तीनदा तीच चूक पडद्यावर आली. मग त्यांनी हट्ट सोडला. जावाजावांचं पटत नसेल तर वेगळी चूल मांडावी. जुनी लायब्ररी इन्स्टॉल न करता त्यांनी पॅकेजमधून नुसती बाहेर काढली, निराळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि फक्त ब्रेलच्या प्रोग्रॅमला दोन ओळींत बजावलं, तू इथेच बघायचं.

यंत्राने कागद ओढला. खटखट सुरू झाली.

दुपारी इंजिनिअरचा फोन आला. “मग नव्या मशीनचे कागद पाठवू?”

“ऐकू येत नाहीये हो,” म्हणत मावशींनी फोन यंत्राजवळ धरला.

काकांनी पहिलं पान वाचलं. “सातव्या प्रश्नात एक शब्द दोनदा आलाय.”

“तो दोष प्रश्न काढणाऱ्यांचा. माझं सांगा.”

“तुमचं बिनचूक आहे.”

मावशींनी पान हातात घेतलं. बोटांनी वाचायला त्यांना कधीच जमलं नव्हतं. तरी पहिली ओळ संपेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.